अतिशयोक्ती कुठवर चालते, आणि आपल्या माणसासाठी माप वेगळे का होते?

कोरा कागद (मूळ प्रश्न)

नमस्कार.

गेली नऊ वर्षे मी एका नियतकालिकात राजकीय भाष्याचे सदर लिहीत आहे. सदराचा बाज निम्मा विश्लेषणाचा आणि निम्मा उपहासाचा आहे. मागच्या महिन्यात एका वाचकाचे पत्र आले, त्यात त्याचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. माझ्याच दोन लेखांतले दोन परिच्छेद त्याने एकाखाली एक उतरवून काढले होते आणि तळाशी सही केली होती. दोन्ही परिच्छेदांचा विषय एकच होता : निवडणुकीआधी जाहीर सभांतून ठासून मांडलेली भूमिका एका नेत्याने सत्तेत आल्यावर सोडून दिली होती. पहिल्या परिच्छेदात मी त्या वागण्याला कोलांटउडी म्हटले होते आणि ज्याला कणाच नाही त्याला वाकायला कष्ट कसले पडणार, असे विचारले होते. दुसऱ्या परिच्छेदातला नेता वेगळा होता, वागणे तेच होते. तिथे मात्र मी ‘परिस्थितीचे भान’ हा शब्दप्रयोग केला होता आणि चूक उमगल्यावर मागे फिरायला धैर्य लागते, असे लिहून त्याची पाठ थोपटली होती. दोन लेखांमध्ये जेमतेम चौदा महिन्यांचे अंतर आहे. दोन्ही मी मनापासून लिहिले होते, एकातही जाणूनबुजून खोटे लिहिले नव्हते, आणि नेमकी हीच गोष्ट मला अस्वस्थ करते आहे.

त्यानंतर मी जुने अंक काढून बसलो आणि माझ्या शब्दांच्या जोड्या लिहून काढल्या. नावडत्या पक्षाच्या सभेला जमते ती झुंड, आवडत्या पक्षाच्या सभेला लोटतो तो जनसागर. तिकडचा नेता गप्प राहिला तर तो तोंड लपवतो, इकडचा गप्प राहिला तर संयम पाळतो. तिकडे युती होते ती सत्तेसाठी केलेली सोयरीक, इकडे होते ती काळाची गरज. तिकडचा मुलगा वडिलांच्या जागी आला की घराणेशाही, इकडचा आला की वारसा. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण मी याच सदरात राजकारण्यांना उद्देशून वापरलेली आहे. ती मलाही लागू पडते हे उमगायला परक्या माणसाचे पत्र यावे लागले.

याच वाचनात दुसरी एक गोष्ट लक्षात आली. एका मंत्र्याने पत्रकार परिषदेत प्रश्न घेतले नाहीत, तेव्हा मी ‘लोकशाहीचा गळा घोटला गेला’ असे लिहिले होते. काही महिन्यांनी एका वार्ताहराला त्याने दिलेल्या बातमीसाठी खरोखरच अटक झाली, आणि त्या दिवशी माझ्याजवळ आधीच्याहून मोठा शब्द शिल्लक नव्हता.

उपहास लिहिणाऱ्याला वाढवून सांगण्याची मुभा असते, हे मला मान्य आहे. पण ती भाष्यकारालाही आहे का? एकाच लेखात दोन्ही मिसळलेले असेल, तर वाचकाने कोणते वाक्य कसे वाचावे? उपहास करणाऱ्याने सर्व बाजूंना सारखेच झोडपले पाहिजे ही अपेक्षा रास्त आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण लावत असलेली मापे दोन आहेत हे लिहिण्याच्या ओघातच ओळखायचे कसे? पक्षांची आणि व्यक्तींची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण ती दिली की उत्तरे त्या नावांनाच येतील.


तिसरा कोन

आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारले आहेत. मी त्यांतल्या अतिशयोक्तीविषयीच लिहितो, कारण दुटप्पीपणाबद्दल माझ्याहून अनुभवी माणसे येथे आहेत.

आपल्या अलंकारशास्त्रात अतिशयोक्ती हा दोष नसून अलंकार आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने तिचे लक्षण सांगताना लोकसीमा ओलांडणारे कथन असे म्हटले आहे. या लक्षणात एक गोष्ट गृहीत आहे : सीमा ओलांडली असे म्हणायचे असेल, तर मुळात ती कुठे आहे हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असावे लागते. कवी जेव्हा अश्रूंचा पूर वाहवतो, तेव्हा रसिक पात्राची खोली मोजायला जात नाही. राजकीय लेखनात नेमके हेच ठाऊकपण हरवते. मंत्र्याने प्रत्यक्षात किती प्रश्न टाळले, हे वाचकाला माहीत नसते. बहुतेक वेळा त्याला ती घटना आपल्याच लेखातून प्रथम कळत असते. ज्याला मूळ आकार माहीत नाही, त्याच्यापुढे वाढवलेला आकार ठेवणे याला अलंकार म्हणता येणार नाही. ती चुकीची माहिती होते.

चांगल्या उपहासात अतिशयोक्तीच्या पोटात एक तपासता येण्याजोगे सत्य असते आणि ते पाहणाऱ्याच्या हाती आधीच असते. अबू अब्राहम यांचे डिसेंबर १९७५ मधले व्यंगचित्र पाहा. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद न्हाणीघरात टबात बसलेले आहेत, दाराआडच्या हाताला सही केलेला कागद परत देत आहेत, आणि आणखी अध्यादेश असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा असे म्हणत आहेत. राष्ट्रपतींनी टबात बसून सही केली असे कोणीही समजले नाही. पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली आणि मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आली, ही वस्तुस्थिती होती. टब काल्पनिक होता, घाई खरी होती. चित्रकाराने घाईचा आकार वाढवला, पण जी घाई नव्हतीच ती निर्माण केली नाही.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे आहे, आणि आपल्या प्रश्नाशी ते अधिक जवळून भिडते. नोव्हेंबर १८३१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात शार्ल फिलिपाँ या व्यंगचित्र-साप्ताहिकाच्या प्रकाशकावर राजा लुई फिलिप याच्या अवमानाचा खटला चालू होता. त्याने बचावासाठी चार रेखाटने सादर केली. पहिल्यात राजाचा चेहरा होता, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तो थोडाथोडा बदलत गेला होता, आणि चौथ्यात निव्वळ नासपतीचे फळ उरले होते. साम्य हाच गुन्हा असेल तर दुसरे चित्र पहिल्यासारखे आहे, तिसरे दुसऱ्यासारखे आहे, मग नासपती काढणाऱ्या प्रत्येकाला पकडावे लागेल, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याला शिक्षा झालीच, पण पुढे नासपती हे त्या राजाचे चिन्ह होऊन बसले.

आता आपले वाक्य याच पायऱ्यांवर ठेवून पाहा. ‘मंत्र्यांनी प्रश्न घेतले नाहीत’ ही पहिली पायरी. ‘मंत्री पत्रकारांना टाळतात’ ही दुसरी. ‘माध्यमांची गळचेपी होते आहे’ ही तिसरी, आणि ‘लोकशाहीचा गळा घोटला गेला’ ही चौथी. फिलिपाँने चारही पायऱ्या पाहणाऱ्यासमोर मांडल्या, म्हणून कुठे ताणले आहे ते प्रत्येकाला दिसत होते. सदरात आपण चौथी पायरी छापतो आणि आधीच्या तीन आपल्यापाशी ठेवतो. माझे सांगणे इतकेच आहे की पहिली पायरी लेखात असली पाहिजे, तीही साध्या शब्दांत आणि उपहासाच्या आधी. ती असेल तर पुढे आपण कितीही उंच चढलात तरी वाचकाची फसवणूक होत नाही.

आकड्यांना मात्र ही मुभा मी देणार नाही. ‘अर्धा देश बेरोजगार’ हे लिहिणाऱ्याला अलंकारिक वाटते, वाचणारा ते आकडेवारी म्हणून घरी नेतो.

आणखी एक सवय मला घातक वाटते, आणि ती आपल्या सदरात आहे की नाही हे आपणच पाहावे. भाष्यकाराला पुरावा मागितला की तो म्हणतो, हा उपहास होता. त्याच वाक्यावर टाळ्या पडल्या की म्हणतो, मी हे कधीपासून सांगत होतो. एकाच वाक्याने दोन्ही घरची भाकरी खाऊ नये. ‘हे खरे आहे का?’ असे उद्या कोणी विचारले तर आपण ‘हो’ म्हणणार की ‘हे शब्दशः घेऊ नका’ म्हणणार, हे वाक्य लिहितानाच ठरवावे आणि नंतर ते बदलू नये.


उंबरठा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक पुरवणी जोडतो. अतिशयोक्ती ओळखता येते हे आपण फार सहज धरून चालतो.

डॅनियल डिफो याने १७०२ मध्ये लंडनमध्ये एक निनावी पुस्तिका काढली. अधिकृत चर्चबाहेरच्या पंथीयांना चिरडले पाहिजे असे म्हणणाऱ्या कडव्या गटाच्याच आवाजात त्याने ती लिहिली आणि त्यांची भाषा एक पाऊल पुढे नेऊन थेट फासाची आणि हद्दपारीची मागणी केली. ही मागणी वाचताना लोकांना त्या विचारातली क्रूरता दिसेल, अशी त्याची अपेक्षा होती. कडव्या गटातल्या काहींनी ती पुस्तिका खरी मानून तिचे स्वागत केले, आणि ज्यांच्या बाजूने ती लिहिली होती ते पंथीय घाबरले. लेखक कोण हे उघड झाल्यावर दोन्ही बाजू त्याच्यावर उलटल्या, आणि जुलै १७०३ मध्ये त्याला तीन दिवस भर चौकात खोड्यात उभे करण्यात आले.

तीनशे वर्षांनी परिस्थिती फार बदललेली नाही. अमेरिकन दूरचित्रवाणीवर स्टीफन कोल्बेअर हे एका उजव्या विचाराच्या भाष्यकाराचे सोंग घेऊन त्याच विचारांची खिल्ली उडवत असत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की दोन्ही विचारांच्या प्रेक्षकांना कार्यक्रम सारखाच विनोदी वाटत होता; मात्र उजव्या विचाराच्या प्रेक्षकांचा कल असा होता की हा माणूस वरवर थट्टा करतो आहे, पण बोलतो ते त्याला खरोखरच पटलेले आहे.

म्हणून मूळ लेखकांना माझी विनंती आहे की उपहास कळला नाही याचा सगळा दोष वाचकावर टाकू नये. समोरच्याची भूमिका आधीच टोकाची असेल, तर तिच्या पुढे एक पाऊल टाकून उपयोग होत नाही, कारण ते पाऊल त्याच रांगेतले दिसते.


अनुस्वार

मी काही वर्षे एका दैनिकाच्या संपादकीय पानावर काम केले आहे, त्यामुळे दुटप्पीपणाच्या प्रश्नावर मी अनुभवाने लिहिते.

आमच्या विभागात एक पद्धत होती. लेख छापायला जाण्यापूर्वी त्यातली व्यक्तींची, पक्षांची आणि गावांची नावे खोडायची आणि ज्या सहकाऱ्याला तो विषय ठाऊक नाही त्याला वाचायला द्यायचा. त्याने फक्त दोन गोष्टी सांगायच्या : येथे काय घडले, आणि लेखकाचा आक्षेप कोणत्या कृतीला आहे. कित्येक लेख या वाचनात टिकत नसत. नावे गेली की कृतीही जात असे आणि नुसती विशेषणे उरत. एका ज्येष्ठ लेखकाचा लेख मी असा परत पाठवला, तेव्हा ते रागावून म्हणाले की नावाशिवाय त्या लेखाला अर्थच नाही. त्यांचे म्हणणे त्या लेखापुरते अगदी अचूक होते, आणि तोच माझा आक्षेप होता.

आपण म्हणता की दोन्ही लेख मनापासून लिहिले होते. त्यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन विद्यापीठांत फुटबॉलचा एक अतिशय धसमुसळा सामना झाला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच चित्रफीत दाखवून नियमभंग मोजायला सांगितले आणि १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डार्टमथच्या खेळाडूंचे नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ दिसले आणि प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना ९.८. कोणी खोटे बोलत नव्हते, त्यांना तेवढेच दिसले होते. म्हणजे आपले माप वाकते ते लेखणी उचलल्यानंतर नव्हे. ते घटना पाहतानाच वाकलेले असते, आणि म्हणून लिहिण्याच्या ओघात ते ओळखता येईल अशी आशा मी आपल्याला देणार नाही. ते नंतर, थंड डोक्याने आणि शक्यतो दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासावे लागते.

जेफ्री कोहेन यांचा २००३ चा अभ्यास तर भाष्यकारांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी लोककल्याणाच्या योजनांबद्दल मत विचारले आणि कोणती योजना कोणत्या पक्षाने उचलून धरली आहे हे बदलून पाहिले. लोकांनी योजनेतल्या तरतुदींपेक्षा पक्षाचा शिक्का पाहून कौल दिला. विशेष म्हणजे आपण तरतुदी पाहूनच मत बनवले, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

भाष्यकारांच्या तोंडी असलेला एक बचाव मला खोडून काढायचा आहे : ‘दोन्ही बाजू मला शिव्या देतात, म्हणजे मी निष्पक्ष आहे.’ रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की १९८२ च्या बैरुतमधील हत्याकांडाची तीच वार्तांकने पाहून इस्राएलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना ती इस्राएलविरोधी वाटली आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना ती अरबविरोधी वाटली. ठाम बाजू असलेल्या वाचकाला मधला माणूस नेहमी पलीकडचा दिसतो. त्यामुळे दोन्हीकडून येणाऱ्या शिव्यांवरून आपण मध्ये उभे आहोत एवढेही सिद्ध होत नाही, मग सरळ उभे आहोत हे तर दूरच.

अजून एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत कठीण आहे. आपण शब्दांच्या जोड्या काढल्या हे उत्तम केले, पण शब्द छापलेले असतात, म्हणून सापडतात. जो लेख आपण लिहिलाच नाही तो जुन्या अंकांत सापडणार नाही. नावडत्या पक्षाच्या मंत्र्यावर आरोप झाला की त्याच आठवड्यात सदर लिहून होते. आवडत्या पक्षाच्या मंत्र्यावर झाला की चौकशी होऊ द्या, घाई नको, असे आपल्याला आतून वाटते, आणि चौकशी होईपर्यंत विषय शिळा होतो. शब्द एकही वाकडा पडत नाही आणि तरी माप दोन राहते. यासाठी मी स्वतः एक वही ठेवत असे. ज्या विषयावर लिहावेसे वाटले पण लिहिले नाही, तो विषय आणि न लिहिण्याचे कारण मी त्याच दिवशी नोंदवत असे. सहा महिन्यांनी ती कारणे एकत्र वाचली, तेव्हा ‘पुरेशी माहिती नाही’ हे कारण मी एकाच बाजूसाठी किती वेळा वापरले होते ते मला दिसले. ते वाचन सुखाचे नव्हते.


पायवाट

अनुस्वार यांची नावे खोडण्याची पद्धत उपयुक्त आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये असे मला वाटते. नावाबरोबर अधिकारही खोडला जातो. गृहखाते ज्याच्या हाती आहे त्याने धमकीवजा भाषा वापरणे आणि ज्याच्या हाती काहीच नाही अशा विरोधकाने तीच भाषा वापरणे, ही दोन वेगळी कृत्ये आहेत, कारण पहिल्याची धमकी दुसऱ्या दिवशी अमलात येऊ शकते. त्यामुळे उपहास करणाऱ्याने सर्वांना मोजून सारखे फटके द्यावेत ही अपेक्षा मला मान्य नाही. सत्ताधाऱ्याच्या वाट्याला अधिक फटके येणे स्वाभाविक आहे. माप सारखे ठेवायचे ते कसोटीचे : ज्या कारणासाठी मी याला दोषी ठरवले, तेच कारण उद्या दुसरा सत्तेत आल्यावर त्यालाही लावीन का? सत्ताबदल झाल्यावर ज्या भाष्यकाराचा निशाणा बदलत नाही, त्याच्याबद्दल शंका घ्यावी.

दुसरे असे की उपहासाचे लक्ष्य कृती आहे की जन्म, हा प्रश्न मापाइतकाच महत्त्वाचा आहे. थॉमस नास्ट याचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. न्यूयॉर्क शहराच्या कारभारावर पकड बसवलेल्या विल्यम ट्वीड याच्यावर त्याने १८७१ मध्ये ‘हार्पर्स वीकली’त जी व्यंगचित्रे काढली, ती लाचखोरीविरुद्धच्या उपहासाचा नमुना मानली जातात. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शहराच्या फुगवलेल्या बिलांचे हिशेब छापले होते. म्हणजे पैशांची थैली डोक्याच्या जागी असलेला ट्वीड ही अतिशयोक्ती असली, तरी तिच्याखाली हिशेबवही उघडी पडलेली होती. पुढे १८७६ मध्ये पळून गेलेला ट्वीड स्पेनमध्ये नास्टच्या चित्रावरून ओळखला गेला. आणि याच नास्टने याच १८७१ मध्ये कॅथलिक बिशपांना लहान मुलांवर चाल करून येणाऱ्या मगरींच्या रूपात काढले. आयरिश स्थलांतरितांना तो वानरासारख्या चेहऱ्याचे काढत असे. रेषेचे कौशल्य सगळीकडे तेच आहे. ट्वीडच्या चित्राला ‘कशावरून?’ असे विचारले तर बिले दाखवता येतात. वानराच्या चेहऱ्याला तोच प्रश्न विचारला, तर उत्तर म्हणून फक्त त्या माणसाचा जन्म दाखवता येतो. मला वाटते की मूळ लेखकांनी आपल्या शब्दांच्या जोड्यांबरोबर ही तपासणीही करावी. ‘झुंड’ हा शब्द माणसांच्या वर्तनाला वापरला होता की ती कोण आहेत याला, हे पाहावे.

शेवटी, त्या वाचकाच्या पत्राने काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही हेही पाहिले पाहिजे. दुटप्पीपणा दाखवून दिला म्हणजे पहिली टीका खोटी ठरत नाही. दोन्ही नेत्यांनी मतदारांना दिलेला शब्द मोडला असेल, तर पहिला परिच्छेद बरोबर होता आणि दुसरा चूक होता, असाही निष्कर्ष निघतो. आजकाल ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न उत्तर मिळवण्यासाठी क्वचितच विचारला जातो. बहुतेक वेळा आजचा प्रश्न बाजूला सारण्यासाठी तो पुढे केला जातो. त्या प्रश्नाला घाबरून भाष्यकाराने दोन्हीकडे मऊ लिहायला सुरुवात केली, तर नुकसान वाचकाचेच आहे.


दीपमाळ

कायद्याच्या बाजूने थोडेसे, कारण दुटप्पीपणा न्यायालयांनीही विचारात घेतलेला आहे.

‘हसलर’ या मासिकाने १९८३ मध्ये जेरी फॉलवेल या प्रसिद्ध धर्मोपदेशकाचे एक अत्यंत असभ्य विडंबन छापले. फॉलवेल यांनी भरलेल्या खटल्यात, हे कोणी खरे मानणार नाही, असे ज्युरीनेच म्हटले, तरीही मानसिक त्रासाबद्दल भरपाई मंजूर केली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने फिरवला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांच्या निकालपत्रातला एक मुद्दा या चर्चेशी थेट जोडलेला आहे : एखादे लेखन ‘संतापजनक’ आहे का, ही कसोटी मुळातच व्यक्तिनिष्ठ आहे, आणि ती मान्य केली तर शिक्षा ज्युरीतल्या माणसांच्या आवडीनिवडीवर ठरेल. भारतात २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले होते की जे एकाला आक्षेपार्ह वाटते ते दुसऱ्याला वाटेलच असे नाही.

माझ्या दृष्टीने याचा अर्थ असा की ‘फार झाले’ हा शेरा कधीच पुरेसा नसतो, मग तो न्यायाधीशाचा असो की वाचकाचा. हा उपहास आपल्या नेत्याचा असता तर ‘फार झाले’ असे वाटले असते का, हे वाचकानेही स्वतःला विचारावे. दोन मापे फक्त लिहिणाऱ्याकडेच नसतात.


कोरा कागद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचल्यानंतर मी गेल्या तीन वर्षांतले अठरा लेख निवडले, नावे खोडली आणि राजकारणात रस नसलेल्या एका नातेवाइकांना वाचायला दिले. अठरापैकी अकरा लेखांत काय घडले ते त्यांना सांगता आले. सात लेखांत सांगता आले नाही, आणि त्या सातांपैकी सहा एकाच पक्षावर होते.

पायवाट यांचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटला, कारण पत्र आल्यापासून मी पहिला परिच्छेदही मागे घ्यावा अशा विचारात होतो. आता तसे करणार नाही. पहिल्या नेत्याने शब्द मोडला होता, तो कोणता हे लेखात तारखेसह दिलेले होते, आणि ती टीका मी कायम ठेवतो; ‘कणा नाही’ हे वाक्य मात्र त्याच्या कृतीबद्दल नव्हते, ते काढायला हवे होते. दुसऱ्या लेखाबद्दल येत्या अंकात मी स्पष्टपणे लिहिणार आहे. त्या नेत्याने काय आश्वासन दिले होते आणि काय केले, हे आधी साध्या शब्दांत मांडीन आणि तेव्हा मी त्याला धैर्य का म्हटले होते याचे जे खरे कारण आहे तेही लिहीन. तो माणूस मला आवडत होता, एवढेच ते कारण आहे. वाचकाची परवानगी मिळाली तर त्याने पाठवलेले दोन्ही परिच्छेदही शेजारी शेजारी छापीन.

अनुस्वार यांनी सुचवलेली वही काल सुरू केली. पहिलीच नोंद अशा विषयाची आहे ज्यावर मी गेले तीन आठवडे लिहायचे टाळतो आहे. कारणाच्या रकान्यात ‘पुरेशी माहिती नाही’ असे लिहून झाल्यावर मी थांबलो, ते खोडले, आणि आज सकाळी ती माहिती मागवली आहे.